डबलसीटचे शास्त्र

लहान मुलाला सायकलवर नेण्याच्या पद्धती दोन: जोडणीची आणि देशी. जोडणीच्या पद्धतीत मोठ्यांच्या सायकलच्या सीटखालच्या नळीला एका चाकाची अर्धी सायकल अडकवतात. तिला स्वतःची सीट, पायडल आणि चेन असते. हँडलही असते, पण ते वळत नाही. ब्रेक बहुधा पुढच्याच्याच हाती. न वळणारे हँडल धरून गाडी आपणच चालवतो आहोत असे मानण्याची सवय मुलाला मतदार होण्याच्या कितीतरी आधी लागते. कंटाळले की ते पायडल सोडून बसते. पुढच्याला हे चढावर कळते.

देशी पद्धतीत दांडीवर नटबोल्टने कसलेली छोटी सीट, ती नसल्यास गुंडाळलेला टॉवेल. दुसरे मूल दप्तरासकट कॅरिअरवर. टाच आऱ्यांत जाऊ नये म्हणून ‘पाय फाकवून बस’ ही एकच सुरक्षा-सूचना पिढ्यान्पिढ्या तोंडी चालत आली आहे.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात सुमारे तीन मीटरची जोडसायकल आणल्यास बाप इंदोरा चौकाकडे वळलेला आणि लेक अजून मिठाईच्या दुकानासमोर, अशी स्थिती येते. मधल्या फटीत ऑटो शिरतो.

15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला सायकलऐवजी मोटरसायकलवर नेताना सुरक्षापट्टा आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आहे. बाजारात ही मर्यादा गर्दीच पाळून घेते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की सायकलच्या दोन्ही पद्धती बंद पडतात आणि मूल स्कूटरवर पुढे उभे राहून शिकवणीला जाते.