बादशहाची बाटली, मुक्काम केळवे

जुन्या वस्तू जमवणारे काका किनारपट्टीला गावोगाव आढळतात. पण इतर गावचे काका समया आणि अडकित्ते यांवर थांबतात. केळव्याचे काका तपकिरीच्या डबीपासून निघतात ते थेट चीनच्या बादशहापर्यंत पोचतात.

वय साठीपुढचं, बोईसरच्या एमआयडीसीतून निवृत्ती, घरामागे नारळाची आणि पानवेलींची वाडी, पुढे पर्यटकांसाठी दोन खोल्या. खोल्या काकू सांभाळतात, पर्यटक काका. मुंबईहून आलेला माणूस पापलेट कधी ताटात पडतं या विवंचनेत असतानाच काका त्याला काचेच्या कपाटासमोर नेऊन उभा करतात.

वरच्या फळीवर आजोबांची पितळी डबी, कुणा पंतोजींची शिंगाची डबी, आजी हिरड्यांना तपकीर चोळायची तो पत्र्याचा डबा. या सगळ्याला दोन मिनिटं. मग काका हात पुसतात, आवाज खाली आणतात आणि बोटभर उंचीची चिनी मातीची बाटली बाहेर काढतात. निळी नक्षी, बुचाला आतून इवलासा चमचा, तळाला लाल अक्षरं. चीनमध्ये तपकीर डबीत नाही, अशा बाटलीत ठेवत. चिमूट न घेता चमच्याने काढत. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहात अशा बाटल्या आहेत. त्या पाहून आल्यापासून काकांना आपण टाटांचे नातलग असल्यासारखं वाटतं.

“छियेनलुंग बादशहाची!” काका म्हणतात. “चोर बाजारात मिळाली. विकणाऱ्याला कळलंच नाही काय विकतोय ते.”

चोर बाजारातल्या विकणाऱ्याला न कळलेली वस्तू अजून जन्माला यायची आहे. पण पाहुण्याने हे बोलायचं नसतं. फार तर विचारावं, “काका, चीनच्या बादशहाची बाटली इकडे कशी?”

काका याचीच वाट बघत असतात. “अहो, पोर्तुगीज! तो पाणकोट बघितलात ना समुद्रात? त्यांच्याच पाद्र्यांनी चीनच्या दरबारात तपकीर नेली. बादशहाने परतभेट दिली असणार. मकाव, गोवा, वसई, केळवे!”

आता हिशेब बघा. छियेनलुंगची कारकीर्द १७३६ पासून मोजतात. १७३९ च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या मोहिमेत केळवे-माहीम मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले. म्हणजे बादशहाने गादीवर बसल्या बसल्या बाटली घडवून घ्यायची आणि तीन वर्षांच्या आत ती केळव्याला पोचती करायची. त्यात चिनी मातीच्या बाटल्यांची खरी चलती त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातली आणि नंतरची. शिवाय तळाचं नाव हा पुरावाच नव्हे. नंतरच्या कारागिरांनी आधी होऊन गेलेल्या बादशहांची नावं मालावर बिनदिक्कत घातली आहेत. आणि इतकं करून बाटली केळव्याला आलीच होती, तर ती चोर बाजारातून परत विकत का आणावी लागली, हे काकूंनी एकदा विचारलं होतं. त्या दिवसापासून कपाटाची किल्ली काकांच्या जानव्याला आहे.

काका स्वतः तपकीर ओढत नाहीत. एकदा ओढली, तेव्हा शिंकांनी बाटली हातातून सुटता सुटता राहिली. त्यांचं व्यसन ऐकणाऱ्याचं आहे, आणि शनिवार-रविवारी ते यथास्थित भागतं.

“शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही,” ते बजावतात. न्यायची इच्छा कुणीच व्यक्त केलेली नसते. “पुण्यात केळकरांनी संग्रह सरकारला दिला. मीही देईन.” सरकारने अजून मागितलेला नाही. पुरातत्त्ववाल्यांना बाटली दाखवून घ्या म्हटलं, की मात्र काका नारळाच्या भावावर येतात.

तेव्हा केळव्याला जाणार असाल तर आधी जेवून घ्या आणि मगच कपाटाकडे वळा. तीन वर्षांचा हिशेब तोंडातून काढू नका. काढलात, तर आतल्या खोलीत दुसरं कपाट आहे.