कट-ऑफच्या आदल्या रात्री

ओहायो, अमेरिका
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळे खुशाल आहोत. फोन आहेच, पण फोनवर बाबा दोनदा 'बरं, बरं' म्हणतात आणि मोबाइल आईकडे देतात. आई थेट 'आज कालवण कशाचं?' यावर येते. मला बाबांकडे एक मागणी करायची आहे आणि ती दोन 'बरं'मध्ये मावणारी नाही. मागणी शेवटी आहे. मधलं गाळू नका.

आज इथे एक गंमत झाली. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात दर २ फेब्रुवारीला घुशीच्या थोरल्या भावासारखा दिसणारा एक प्राणी बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे. आज दिसली. उंच टोप्या घातलेल्या गृहस्थांनी तसं गंभीरपणे जाहीर केलं. आणि याच देशातले प्राध्यापक उद्या सकाळी आठला मला 'अंदाज कसा बांधावा' ते शिकवणार! पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक की मेंढा, यावर आजोबा पाऊस सांगायचे, तेव्हा मी हसायचे. आता हसत नाही.

तुमचे जावई मजेत आहेत. माझ्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला इथे नोकरी करता येत नाही. एका फोनवर तीस ट्रेलर हलवणारा माणूस आता एक कुकर हलवतो, पण शिस्त यार्डाचीच. जे आधी लागणार ते भांडं वर, उशिरा लागणारं खाली. आमटीत मीठ नाही म्हटलं तर 'मॅनिफेस्टमध्ये नव्हतं' असं उत्तर मिळतं. चिऊ शाळेत रमली आहे आणि इंग्रजीत आगरी हेल काढते.

आता आईचा नेहमीचा प्रश्न: 'आजून किती वर्सां शिकशील गो?' आई, एकूण पाच वर्षं, त्यातलं दुसरं चालू आहे. नापास झाले म्हणून पाच नाहीत, पीएचडीचा कोर्सच तेवढा. पहिली दोन वर्षं वर्गात बसायचं. मग उन्हाळ्यात एक मोठी परीक्षा, त्यात नापास झालं तर सामान बांधायचं. पास झालं तर तीन वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागायचं. एमबीएवाले लाखो रुपये मोजून येतात, आम्हाला मात्र फी माफ आणि वर महिन्याला स्टायपेंड. त्याच्या बदल्यात मी पोरांचे पेपर तपासते. आळीत कोणी 'शिकायला पैसे देतात म्हणजे नक्की काहीतरी लफडं' म्हणालं तर हे सांगा.

शेजारच्या टेबलावर लखनौचा मुलगा आहे. त्याच्या हिंदीत प्रबंध म्हणजे व्यवस्थापन, आपल्या मराठीत प्रबंध म्हणजे थिसिस. म्हणजे मी प्रबंधावर प्रबंध लिहिते आहे, आणि दोन्हींचा प्रबंध अजून व्हायचा आहे.

आई, पाच वर्षं जास्त वाटत असतील तर बाबासाहेबांचं आठव. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले आणि तिथली पीएचडी हातात पडली १९२७ मध्ये. मधल्या काळात ते बॅरिस्टर झाले, रुपयावर प्रबंध लिहून लंडनचे डी.एस्सी. झाले आणि आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करून आले. मी गेल्या दीड वर्षात भांडी धुण्याचं मशीन चालवायला शिकले.

वर्गात वयाने मीच थोरली. आपलं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं तेव्हा मी चार महिन्यांची होते. बाकीची पोरं तेवीस-चोवीसची. पहिल्या दिवशी दोघांनी मलाच 'प्रोफेसर' म्हणून नमस्कार केला. मी तो घेतला.

बाबा, प्रवेशाची खरी हकिगत तुम्हाला कधी सांगितलीच नाही. पहिल्या वर्षी दहा अर्ज केले आणि दहाही शटआउट. एकेका अर्जाची फी पाऊणशे-शंभर डॉलर, त्यामुळे जावयांनी तो आकडा आजवर कोणाला कळू दिलेला नाही. एका विभागात अर्ज शेकड्यांनी आणि जागा तीन-चार. आपल्याला जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के तरी लढून मिळाले, इथला टक्का त्याहून बारीक. नकाराची पत्रं मात्र इतकी गोड, की दोनदा वाचल्यावर कळायचं, नकार आहे.

निबंधात मी लिहिलं होतं, मला हे येतं, मला ते येतं. मुंबईच्या माझ्या मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, 'तुला सगळं येतंच, तर पाच वर्षं तिथे काय करणार?'

दुसऱ्या वर्षी मी तुमचा प्रश्न लिहिला. कंटेनर फ्रेट स्टेशनच्या गेटवरून रात्री घरी आलात की पायांवर पाणी घेता घेता तुम्ही म्हणायचात, 'गेट तीन दिवस उघडं होतं. बोटीच्या कट-ऑफच्या आदल्या रात्रीच सगळ्यांना कशी आठवण येते?' तेवढंच लिहिलं, आणि खाली, की उत्तर मला माहीत नाही. मुलाखतीत प्राध्यापकांनी माझ्या मार्कांबद्दल अवाक्षर काढलं नाही. अर्धा तास करळ फाट्यावरच्या ट्रेलरच्या रांगेबद्दल विचारत होते.

आणि तो अर्ज मी कधी पाठवला? इथली शेवटच्या दिवसाची रात्र ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ १०:२९. मी १०:२१ ला बटण दाबलं. पोर्टल इतकं हळू चालत होतं, की मागे ट्रेलरचे हॉर्न ऐकू येत होते. प्रवेश मिळालेल्यांनी १५ एप्रिलपर्यंत हो-नाही कळवायचं अशी इथे रीत. मी प्रतीक्षा यादीत होते. पुढची माणसं जागा अडवून बसली आणि १४ तारखेला त्यांनी ती सोडली. म्हणजे माझी गाडीही कट-ऑफच्या आदल्या रात्रीच आत आली. गेटवरच्या माणसाची मुलगी म्हणून जरा लाज वाटली.

रांगांचं इथे अख्खं शास्त्र आहे. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या एर्लांग नावाच्या माणसाने टेलिफोनच्या कॉलवरून ते सुरू केलं. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक नियम सिद्ध केला: तासाला ६० ट्रेलर येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ३ तास अडकत असेल, तर आत सरासरी १८० ट्रेलर असणार. वर्गात हा नियम फळ्यावर आला आणि मला हसू फुटलं. हे तुम्ही बोटांवर करत होतात, फक्त शेवटी एक शिवी जोडून.

पण सरांनी 'सरासरी तीन तास' म्हटलं आणि मला तुमचं वाक्य आठवलं: 'सरासरीला कोण रांगेत उभं राहतं? उभा राहतो तो डायवर.' मी ते भाषांतर करून सांगितलं. सर खडू हातात धरून थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, वडिलांकडे काही नोंदी आहेत का?

हीच मागणी. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत तुमच्या गेटवरच्या लाल वह्या आहेत. गाडी आली किती वाजता, सुटली किती वाजता, आणि शेवटचा रकाना, 'शेरा'. वेळा आता संगणकांकडेही आहेत, शेरा कोणाकडेच नाही. 'फॅक्टरीतूनच उशिरा निघाली', 'कागद चुकला', 'सील तुटलं', 'डायवर म्हणतो, लवकर येऊन तरी काय फायदा.' तो शेवटचा शेरा माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण होऊ शकतो.

तेव्हा बाबा, पेटी उतरवा. धाकट्याकडून वह्यांच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या. गाड्यांचे नंबर आणि माणसांची नावं झाकायला सांगा. आई, वह्यांचे कागद सुकटीला गुंडाळले असतील तर सुकट दुसऱ्या कागदात घाल, आणि मला नुसते कागद हवेत, वास राहिला तरी चालेल. अटल सेतू मी अजून पाहिलेला नाही, परीक्षा झाली की ऑगस्टमध्ये येऊन त्यावरूनच घरी येईन.

सरांना नोंदी १५ मार्चपर्यंत हव्या आहेत. बाबा, तुम्हाला मी १ मार्च सांगते.

तुमची,
ताई