फोडणीचे भाऊसाहेब

कॉट बेसिसवर पाच-सहा मुलं राहतात त्या प्रत्येक खोलीत स्वयंपाक येणारा एकच असतो. बाकीचे ‘मी काय करू?’ असं विचारणारे असतात, आणि तेही कुकरची शेवटची शिट्टी होऊन गेल्यावर. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत अशा खोल्या गल्लोगल्ली आहेत. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, कॉटखाली ट्रंका, दोरीवर वाळणारे टॉवेल आणि हवेत लोकसेवा आयोगाच्या पुढच्या जाहिरातीची चर्चा. या खोल्यांतून अलीकडे एक नवा वाण निपजला आहे. तो दूध पीत नाही, दही-तूप खात नाही, अंड्याला शिवत नाही आणि मेसही लावत नाही. अभ्यास दिवसभर करतो आणि स्वयंपाक अर्ध्या तासात उरकतो. आमच्या वरच्या मजल्यावर या वाणाचा एक अस्सल नमुना भाड्याने राहतो. खोलीतले त्याला भाऊसाहेब म्हणतात. गावाकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणायची पद्धत आहे. पद मिळेल तेव्हा मिळेल, तोवर हाक तरी मिळावी, हा त्यामागचा हेतू.

भाऊसाहेब कोल्हापूरकडचे. घरी चार म्हशी. दूध डेअरीला जातं, दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यातलेच पैसे भाऊसाहेबांच्या पुण्याच्या खर्चाला येतात. ज्या जिल्ह्यातली माणसं रात्री जेवण झाल्यावर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात, त्या जिल्ह्यातल्या पोराने दूध सोडावं, हे नवलच. याची कारणं दोन आहेत. पहिलं जाहीर. पर्यावरणाचा घटक वाचताना रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन बाहेर पडतो आणि पृथ्वी तापते, हे त्यांच्या मनाला लागलं. दुसरं कारण ते सांगत नाहीत. खोलीत फ्रिज नाही आणि एप्रिलमध्ये सकाळची पिशवी दुपारपर्यंत नासते. तत्त्व आणि तापमान दोन्ही एकाच आठवड्यात पटलं.

आधी त्यांनी मेसमध्ये राहूनच हे व्रत पाळून पाहिलं. पण मेसच्या मावशींना दही नको, ताक नको, रविवारच्या फीस्टचं पनीर नको म्हणणारा मुलगा एकाच कारणाने ठाऊक होता. त्या रोज विचारायच्या, “आज कसला उपास रे?” बरं, जेवलं नाही तरी खाडा धरायचा नाही, कारण सलग तीन दिवस गैरहजर राहिल्याशिवाय खाडा धरत नाहीत, असा त्या मेसचा नियम. महिनाअखेर भाऊसाहेबांनी हिशोब मांडला. न खाल्लेल्या पनीरचे पैसे कागदावर स्पष्ट दिसले आणि त्याच संध्याकाळी ते तुळशीबागेत भांडी घ्यायला गेले.

सामान थोडंच आहे. एक इंडक्शन, त्यावर चालणारा सपाट बुडाचा तीन लिटरचा कुकर, एक तवा, एक विळी. गावाहून आईने पाठवलेली गोल बुडाची लोखंडी कढई इंडक्शनवर नुसतीच डुलते, म्हणून तिच्यात आता कांदे-बटाटे ठेवतात. मी घरमालक असल्यामुळे इंडक्शन दिसताच वर गेलो आणि विजेच्या बिलाचा विषय काढला. भाऊसाहेबांनी गणिताची वही उघडली. “काका, 1200 वॅटवर अर्धा तास म्हणजे 0.6 युनिट. दोन वेळचं धरा 1.2. महिन्याचे 36 युनिट. आता ह्या बाकीच्यांचा गीझर 2000 वॅटचा, आणि आत गाणी म्हणत किती वेळ असतात, ते तुम्हीच इचारा.” बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी पाणी पिऊन खाली आलो.

स्वयंपाकाला त्यांनी रीतसर अभ्यासक्रम लावला आहे. पूर्वपरीक्षा रात्री होते. सकाळी अभ्यासिकेत जाताना भिजवलेली मटकी रात्री उपसायची, धुतलेल्या पंचात बांधायची आणि खिडकीच्या गजाला टांगायची. उन्हाळ्यात दुसऱ्या रात्रीपर्यंत लांब मोड येतात. थंडीत एखादा दिवस जास्त लागतो आणि त्याला ते ‘निकाल लांबला’ म्हणतात. रविवारी सगळ्या आठवड्याचं दाण्याचं कूट. दाणे मंद आचेवर भाजायचे, पंचात घेऊन चोळायचे, गच्चीवर जाऊन सालं पाखडायची आणि मिक्सरसाठी खाली काकूंकडे यायचं. काकू म्हणजे आमची बायको. त्या खोलीत दाण्याच्या कुटाचं स्थान घटनात्मक आहे. त्याच्याशिवाय झालेली भाजी वैध मानली जात नाही.

मुख्य परीक्षा रोज संध्याकाळी. सोमवारी मसुराची खिचडी. तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, मसुराची भिजवावीही लागत नाही, म्हणून मसुराला वेटेज जास्त. कुकरमध्येच फोडणी. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, लसूण, हळद. मग कांदा, टोमॅटो, वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चमचाभर गोडा मसाला, पाणी आणि झाकण. तीन शिट्ट्यांत सीसॅटचा एक उतारा सोडवून होतो. मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी पिठलं. बेसन थंड पाण्यात आधी कालवून घेतलं की गुठळ्या होत नाहीत, हा त्यांचा सिद्धान्त, आणि भाकरी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातली. गुरुवारी सोयाबीनच्या वड्या. गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या नाहीत तर उग्र वास येतो; पण शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, असं सांगून भाऊसाहेब वासाचा विषय बंद करतात. शुक्रवारी उरलेलं सगळं एकत्र. त्याला ‘सामान्य अध्ययन’ असं नाव आहे. मिठाच्या बाबतीत मात्र ते फार सांभाळून असतात. म्हणतात, “काका, मिठाला निगेटिव्ह मार्किंग असतंय.”

डब्यांची रांग पाहण्यासारखी आहे. भौगोलिक मानांकनांची यादी पाठ होत नव्हती, तेव्हा त्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळदीच्या डब्यावर ‘वायगाव, वर्धा’, तिखटावर ‘भिवापूर, नागपूर’, ज्वारीच्या पिठावर ‘मंगळवेढा, सोलापूर’, तुरीच्या डाळीवर ‘नवापूर, नंदुरबार’, कांद्यांच्या कढईवर ‘लासलगाव, नाशिक’ आणि तांदळावर, घराच्या अभिमानाने, ‘आजरा घनसाळ’. आतला सगळा माल कोपऱ्यावरच्या वाण्याचा. पण फोडणी घालताना हात ज्या क्रमाने फिरतो, त्या क्रमाने महाराष्ट्र पाठ होतो. एकदा पार्टनरने घाईत तिखटाऐवजी हळदच दोनदा घातली, तेव्हा भाऊसाहेब ओरडले, “अरे, नागपूर म्हटलो मी, वर्धा नव्हं!”

आयोगाचा त्यांच्या बोलण्यावरही परिणाम होतो. मुख्य परीक्षा बहुपर्यायी होती तोवर ‘आज काय केलंय?’ असं विचारलं की उत्तर यायचं, “अ, पिठलं. ब, झुणका. क, वरीलपैकी दोन्ही.” 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हापासून त्याच प्रश्नाला प्रस्तावना, मुद्दे आणि समारोप येतो. भाकरीच्या आधी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं हे ऐकावं लागतं आणि उसळीच्या आधी 2016 हे कडधान्यांचं. भुकेली पोरं वाट्या हातात धरून पार्श्वभूमी ऐकत बसतात.

भाजी आणायला ते मंडईत जातात ते अंधार पडल्यावर, पालेभाज्यांचे वाटे स्वस्त झाले की. तिथेही ज्ञान सोबत असतंच. भाजीवाल्या मावशींना त्यांनी एकदा सांगितलं, “मावशी, ही इमारत 1886 ची. हिच्यावर एवढा खर्च करायला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, आणि आता नाव त्यांचंच आहे.” मावशींनी मेथीची जुडी झटकली आणि म्हणाल्या, “त्यांनी विरोध केला, तू घासाघीस करतोस. माझ्या गाळ्यावर तुम्हा शिकलेल्यांचा डोळाच आहे.” तरी कोथिंबिरीच्या चार काड्या वर मिळाल्या.

खरी परीक्षा चहाची. दुधाशिवाय चहा ही कल्पना पुण्यात चालते, पण मित्रांत चालत नाही. भाऊसाहेबांनी दाणे भिजवून, वाटून, पंचातून गाळून दूध काढलं आणि त्याचा चहा केला. खोलीतल्या पोरांनी एकेक घोट घेतला आणि सगळ्यांना एकाच वेळी अभ्यासिकेची आठवण झाली. त्यानंतर ते आलं आणि गवती चहा घातलेला कोरा चहा घेतात. टपरीवाला त्याचेही पूर्ण पैसे घेतो. दूध नाही तर पैसे कमी का नाहीत, यावर त्याचं उत्तर तयार असतं : “साखर तर तीच आहे ना, साहेब?”

बिस्किटांचा पुडा हा दुसरा पेपर. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी नियम केले, हिरव्या रंगाचं चिन्हही ठरवलं. ते चिन्ह काही आमच्या वाण्याकडच्या पाच रुपयांच्या पुड्यावर अजून उतरलेलं नाही. म्हणून भाऊसाहेब दुकानाच्या दिव्याखाली उभे राहून पुड्यामागची बारीक अक्षरं वाचतात आणि ‘दुधाची भुकटी’ सापडली की ‘खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा’ सुटल्याचा आनंद त्यांना होतो. वाणी त्यांना आधी निरीक्षक समजायचा. हे कळल्यापासून भाऊसाहेब जरा जास्तच वेळ वाचतात.

आमच्या काकूंनी हे सगळं सुरुवातीला मनाला लावून घेतलं. ‘परक्याचं लेकरू, दूध नाही, तूप नाही, अभ्यास कशावर करणार?’ म्हणून तिने त्यांना जेवायला बोलावायचं ठरवलं आणि काय करावं याची यादी काढायला बसली. वालाची उसळ, भरली वांगी, अळूचं फदफदं, कटाची आमटी, कोशिंबिरीत दह्याऐवजी लिंबू, शेवटी सोलकढी. यादी लांबतच गेली. एकादशीची वरी आणि दाण्याची आमटीसुद्धा तिच्यात बसली. दूध-तुपाचा विचार न करता ती इतकी वर्षं जे रांधत आली, त्यातलं निम्मं भाऊसाहेबांच्या पोटात बिनतक्रार जाण्यासारखं होतं. मग तिची भीड चेपली. होळीला मात्र गाडं अडलं. भाऊसाहेब पुरणपोळीवर तूप नको म्हणाले. काकूने वाढता हात आखडला. “कोरडी पोळी खायची असेल तर भिंतीवर लाव, नकाशाशेजारी.” शेवटी नारळाच्या दुधावर तह झाला. आता ती स्वतःही पोळी नारळाच्या दुधात बुडवून पाहते, मी पाहत नाही असं बघून.

एका गोष्टीत भाऊसाहेब अजिबात थट्टा चालवून घेत नाहीत. बी-12 जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत मिळत नाही, त्याची कमतरता झाली तर रक्त आणि मज्जातंतू दोन्हीला त्रास होतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे. डॉक्टरांना विचारून ते गोळ्या नियमाने घेतात. “हा प्रश्न ऑप्शनला टाकायचा न्हाई,” असं ते नव्याने दूध सोडणाऱ्या प्रत्येकाला बजावतात. अशा नवख्यांची आता आमच्या जिन्यात रांग असते. त्यांतले बहुतेक तत्त्वासाठी येतात आणि पिठल्यासाठी टिकतात.

सुट्टीत गावी गेले की मात्र सगळी तपश्चर्या पणाला लागते. आई दुधाचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. वडील म्हणतात, “म्हशी इचारत्यात, आमचं काय चुकलं?” शेजारी तब्येतीची चौकशी करतात, भावकी लग्नाची. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत भाऊसाहेब भात आणि कांदा घेऊन बसतात, तेव्हा सगळा गाव समजतो की पोरगं परीक्षेत नापास झालंय.

परवा गच्चीवर त्यांची सराव मुलाखत ठेवली होती. पॅनेलवर खोलीतले तिघे, आणि केस पिकलेले म्हणून अध्यक्ष मी. पहिल्याच सदस्याने मर्मावर बोट ठेवलं. “तुमचे वडील डेअरीला दूध घालतात, त्या पैशावर तुम्ही शिकता, आणि तुम्ही दूध पीत नाही. हा विरोधाभास नाही का?”

भाऊसाहेबांनी शर्टाची कॉलर नीट केली. “सर, 1970 मध्ये सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडचा एक उद्देश उत्पादकाला हक्काची बाजारपेठ देणं हा होता. मी घरी होतो तेव्हा रोज लिटरभर दूध मीच संपवायचो. ते आता डेअरीत जातं. महिन्याला तीस लिटर. त्याच्या बिलात माझी मटकी, मसूर, दाणे बसतात. घर दुधावर चालतं, मी डाळीवर. दोघांच्याही उत्पन्नात वाढ आहे, सर.”

पॅनेल गप्प. सदस्यांनी एकमेकांकडे पाहून गुण लिहिले. अध्यक्ष म्हणून शेवटचा प्रश्न माझा होता. “समजा, निवड झाली. सरकारी क्वार्टर मिळालं, त्यात मोठा फ्रिज आला. मग हे तत्त्व टिकेल?”

भाऊसाहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“काका,” ते म्हणाले, “हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.”