दाढेतला किडा

दाढ किडणं ही पूर्वी ज्याची त्याची खासगी बाब होती. आपण तोंड उघडायचं, डॉक्टरांनी आत डोकावून 'हं' म्हणायचं, आणि त्या 'हं'चा अर्थ आपण बिल हातात पडल्यावर लावायचा. राहूच्या आमच्या दवाखान्यात आरव्हीजी आलं आणि हा सगळा कारभार चव्हाट्यावर आला. आरव्हीजी म्हणजे दातांचा डिजिटल एक्स-रे. १९८०च्या दशकात तो फ्रान्समध्ये निघाला. मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या आमच्या बेटात, उसातून वाट काढत यायला त्याला थोडा उशीर झाला, इतकंच.

त्याआधी फिल्म होती. तीन बाय चार सेंटिमीटरची, पाकिटातली. डॉक्टर ती घेऊन कोपऱ्यातल्या पेटीत दोन्ही हात घालायचे आणि लालसर झाकणातून बघत आत काहीतरी खुडबुड करायचे. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग फिक्सर. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास असायचाच, त्यात हायपोचा मिसळायचा. मग ती ओली फिल्म चिमट्यात धरून ट्यूबलाइटसमोर. "दिसतंय ना, इथं खालपर्यंत गेलंय." आपल्याला फक्त ट्यूबलाइट दिसायची. तरी आपण मान डोलवायचो. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे समजलं असं नव्हे. आता सोडा, असं.

तरी हे फारच सुखाचं म्हणायचं. राँटगेननं क्ष-किरण शोधल्याला दोन-तीन महिने होतात न होतात तोच, जानेवारी १८९६मध्ये, जर्मनीतल्या ऑटो वाल्कहोफ नावाच्या दंतवैद्यानं स्वतःच्या दातांचं छायाचित्र काढलं. काळ्या कागदात गुंडाळलेली काच तोंडात धरून हा गृहस्थ २५ मिनिटं निपचित पडून होता. आमच्या गावात २५ मिनिटं तोंडात काच धरून गप्प बसणारा माणूस शोधायचा, तर निवडणुकीनंतरच शोधावा लागेल.

आता सगळं क्षणात होतं. दाढेमागे सेन्सर ठेवतात, डॉक्टर म्हणतात, "बोटानं धरा, हलू नका, याला काही होत नाही," आणि स्वतः दाराबाहेर जातात. याला काही होत नाही, तर हे का गेले, हा प्रश्न खुर्चीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत येतो. तोंडात सेन्सर असल्यामुळे बाहेर पडत नाही. उत्तर साधं आहे. अशा एका एक्स-रेत मिळणारे किरण हे जमिनीतून आणि आकाशातून आपल्याला एरवी एका दिवसात मिळतात साधारण तेवढेच. पण डॉक्टर दिवसभर, वर्षानुवर्षं तिथंच उभे असतात. अमेरिकेतल्या एडमंड केल्स या दंतवैद्यानं सुरुवातीच्या काळात हे अंतर पाळलं नव्हतं. त्याची बोटं गेली, मग हात गेला.

सेन्सरची धास्ती मात्र खुद्द डॉक्टरांनाच. फिल्म कुणी चावली तर दहा-वीस रुपयांचं नुकसान. सेन्सरची किंमत लाखाच्या घरात, आणि त्याची वायर जाते नेमकी दातांमधून. म्हणून दात दाखवायला आलेल्या लहान पोरासमोर डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ होतो. दातांचा डॉक्टर दातांना घाबरतो हे दृश्य आरव्हीजीच्या आधी गावाला बघायला मिळालं नव्हतं. शिवाय लाइट. पेटीतल्या डेव्हलपरला लाइट लागत नसे. आता इन्व्हर्टर, कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर यांची एकमेकांशी मर्जी जुळली तरच दाढ उमटते. नाही जुळली तर पुण्यात बसलेला एक मुलगा फोनवरून राहूतला माऊस हलवतो आणि बाकावरची माणसं ते भक्तिभावानं बघतात.

पण खरी गंमत पडद्याची. दाढ आता पाटाएवढी दिसते आणि बाकावरच्या सगळ्यांना दिसते. कुणीतरी विचारतंच, "ते काळं काय हाय?" डॉक्टर सांगतात, पोकळ झालेला भाग काळा दिसतो आणि टणक तो पांढरा. हे ऐकून मिश्री लावणाऱ्या बायका खूश होतात. वरून काळेभोर दिसणारे दात पडद्यावर पांढरेशुभ्र! मिश्रीनं हिरड्यांचं काय होतं हे डॉक्टर पुढं सांगतात, पण तोवर ऐकणारं कुणी उरलेलं नसतं.

एका आजीबाईंनी मात्र पडदा नीट न्याहाळला आणि मुद्द्याचं विचारलं, "किडा कुठं हाय?"

हसू नये. ही समजूत चार-दोन वर्षांची नव्हे. बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर या किड्याची गोष्ट कोरलेली आहे. देवानं त्याला खायला पिकलं अंजीर देऊ केलं, त्यानं ते नाकारलं आणि दात-हिरड्यांमध्ये जागा मागितली. आमच्याच तालुक्यातल्या खोरचं अंजीर त्यानं चाखलं असतं तर दंतवैद्यकाचा इतिहास निराळा झाला असता. १७२८मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशारनं सूक्ष्मदर्शकातून शोधूनही किडा सापडत नसल्याचं लिहून ठेवलं. तरी तिकडं खुरासानी ओव्याची आणि इकडं भुईरिंगणीच्या बियांची धुरी चालूच राहिली. भाजलेल्या ओव्याच्या बीमधून पांढरा कोंब निघायचा, तो पाण्यात पडायचा, आणि वैदू म्हणायचा, "हा बघा!" म्हणजे पुरावा दाखवायची सोय आरव्हीजीच्या कितीतरी आधीपासून होती.

डॉक्टरांनी आजींना जंतू, साखर, आम्ल असं सगळं समजावलं. गुऱ्हाळाच्या गावात साखरेला नावं ठेवणं सोपं नाही, तरी समजावलं. आजींनी मान डोलवली.

पुढच्या खेपांमध्ये रूट कॅनल झालं. मुळांच्या नळ्यांत गटापर्चा भरून डॉक्टरांनी शेवटचा एक्स-रे काढला. मलेशियाकडच्या झाडाचा हा चीक पडद्यावर लखलखीत पांढरा दिसतो. दाढेच्या मुळात दोन-तीन नागमोडी रेघा. काम उत्तम झालं होतं आणि डॉक्टर ते कौतुकानं बघत होते. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "ह्यो काय! म्हनत व्हते ना मी? एक न्हाई, तीन हायेत."

हडपसरला नोकरी करणाऱ्या नातवानं तोवर ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकलंही होतं, आणि त्याखाली अंगठे उमटायला लागले होते. डॉक्टरांनी एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा घड्याळाकडं, एकदा बाकावर ताटकळलेल्या माणसांकडं.

"जित्ते हायेत का मेले?" आजींनी विचारलं.

"मेले, आजी."

"मंग झालं," म्हणत आजींनी कनवटीची पिशवी सोडली, निम्मे पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि बाकीचे उसाचं बिल आल्यावर देईन म्हणून सांगितलं.