साज सांभाळणारे नाना

सणसर घ्या, बेलवडी घ्या की निमगाव केतकी. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात भजनी मंडळ आहे तिथं एक नाना असतातच. त्यांना टाळ धरता येतो, ताल धरता येत नाही. म्हणून मंडळानं एकमतानं त्यांच्या हाती किल्ली दिलेली असते.

किल्ली देवळामागच्या पत्र्याच्या खोलीची. आत पेटी, पखवाज, वीणा, टाळांचं पोतं आणि मागच्या सप्ताहातल्या सतरंज्या. कारखान्यांची धुराडी पेटली, उसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या, की नाना जाहीर करतात, "आता साजाला जपायचं बरं का!" माणसांबद्दल ते काही बोलत नाहीत. घरी नातवाच्या अंगावर आखूड चादर आणि इकडं पखवाजावर काकूंनी शिवलेली नवी गोधडी. काकूंनी विचारलंच तर उत्तर तयार, "पोरगं शिंकून सांगतं तरी. पखवाजानं कुणाला सांगायचं?"

नानांची भीती खोटी नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि चहूकडं ऊस. मार्गशीर्षात पहाटे असं दंव पडतं की पत्र्याला आतून पाणी सुटतं. पखवाजाचं कातडं ती ओल पितं, सैलावतं आणि खाली उतरतं. पेटीचे पितळी सूर मात्र गारठ्यानं किंचित वर चढतात. त्यामुळं दत्तजयंतीच्या सप्ताहात काकड्याला पेटी वर, पखवाज खाली आणि बुवांचा गळा मधेच कुठंतरी. गठ्ठे ठोकून पखवाज चढवावा, तर उन्हं येताच कातडं आवळतं आणि तो पेटीच्याही पुढं निघून जातो.

हे सगळं नानांना तोंडपाठ. उपाय तेवढे त्यांचे स्वतःचे. पखवाज त्यांनी खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीत घालून सुतळीनं आवळला. आतली ओल आतच राहिली आणि वादीला बुरशी धरली. पेटीत डांबरगोळ्या अशा भरल्या की भाता हलला की पहिल्या रांगेचे डोळे पाणावायचे. पाहुण्या महाराजांना वाटलं, गाव फार भाविक आहे. धुमेची कणीक खरवडायची राहिली तेव्हा उंदरांनी कणकेबरोबर कातडंही संपवलं. तो दोषही थंडीचाच. "गारठ्यात भूक जास्त लागते त्यांना."

आळंदीला पखवाज शिकून आलेलं गावातलं पोरगं समजावतं, "नाना, सुती खोळ घाला. भुईवर न ठेवता फळीवर ठेवा. शेकोटीजवळ नेऊ नका, शाई तडकते. आणि रोज वाजू द्या." पहिल्या तीन गोष्टी नानांना पटतात. चौथी झोंबते. रोज वाजवायचं म्हणजे रोज किल्ली द्यायची! "बघू संक्रांतीनंतर."

संक्रांत जाते, उन्हाळा जातो. तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीच्या वाटेला लागते. वरून पाऊस कोसळत असतो आणि दिंडीत तोच पखवाज गळ्यात अडकवून, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून, नाना सगळ्यांच्या पुढं असतात.

"नाना, थंडीत उंबऱ्याबाहेर काढू दिला नाही, आणि आता पावसात?"

"पाऊस पांडुरंगानं बघायचा," नाना म्हणतात. "मंडळानं माझ्याकडं फक्त थंडी दिलीय."