येताना आठ, जाताना दहा

ती. बाबा व सौ. आईस,


बाबा, तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करून तुम्ही काढलेला निष्कर्ष पोचला: मुंबईहून नारिताला यायला साडेअकरा तास, परतीला मात्र साडेसहाच, म्हणजे विमानालाही घराची ओढ असते. भावना थोर, हिशेब कच्चा. तिकिटावर दोन्ही ठिकाणची स्थानिक वेळ छापतात आणि जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. ते साडेतीन तास येताना वजा करा, जाताना मिळवा. हिवाळ्यात येताना साधारण आठ उरतात, जाताना दहा. ओढ असलीच तर ती जपानची म्हणायची. आईला हे जरा बेतानं सांगा.

अंतर दोन्ही वेळा तेच, सुमारे ६,८०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९०० धरून भागलंत तर साडेसात तास येतील आणि ते कुठल्याच तिकिटाशी जुळणार नाहीत. कारण हे ९०० हवेच्या हिशेबातले, आणि तिथली हवा स्वस्थ बसत नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो ताशी २०० ते ३०० किलोमीटर भरतो. वाटभर सरासरी १०० धरला, तरी येताना पावणेसात तास आणि जाताना साडेआठ. वरचा वेळ चढण्या-उतरण्यात, वळशांत आणि धावपट्टीच्या रांगेत जातो. हा झोत वासाबुरो ओइशी यांनी नारिताजवळच्याच तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून १९२० च्या दशकात मोजला. साऱ्या जगाला वाचता यावं म्हणून अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिला; साहजिकच जगानं तो फारसा वाचला नाही.

काका म्हणणार, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग विमान वर नुसतं थांबलं तरी मुंबई आपोआप खाली यायला हवी. त्यांना सांगा, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटरनं सरकते. हवा मागे राहिली असती तर दादरच्या फलाटावर उभं राहणं आजच्याहूनही अवघड झालं असतं. त्यांची दुसरी शंका, की मग जुलैत हा फरक कमी का होतो, ती मात्र रास्त आहे. उन्हाळ्यात झोत मंदावतो आणि उत्तरेला सरकतो.

तेव्हा वाऱ्याच्या हिशेबानं तुम्ही जानेवारीत यावं आणि जुलैत परतावं, हे उत्तम. फक्त पाहुण्यांचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो.

आपला,
धाकटा