साडेचार तासांचा पाहुणचार

सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र बसलेल्या पिढीला एक खास माज असतो. पहाटे भैरवी ऐकून मांडवाबाहेर पडायचं, अंगावर शाल, डोळे तांबारलेले, हातात चहा, आणि मनात रात्री दहाला घरी जाणाऱ्या आजच्या श्रोत्यांबद्दल अपार कीव. मी त्या पिढीचा. मध्यरात्रीनंतर मी खांबाला टेकून घोरत असे, असं आमच्या घरात बोललं जातं, पण त्याला बाहेरचा साक्षीदार नाही. त्यामुळे ‘पाश्चात्त्यांकडे पियानोची एकच रचना साडेचार तासांची आहे’ असं एका मित्राने सांगितलं, तेव्हा मी “एवढंच?” म्हणून मोकळा झालो. शिवाय हे चारचौघांत म्हणालो. पुढचं सगळं त्या ‘एवढंच’चं व्याज.

रचनेचं नाव ‘ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकम’. ते न अडखळता म्हणता यावं म्हणून मी बाथरूममध्ये सराव केला. सौ.ने बाहेरून “घसा धरलाय का?” असं विचारलं. रचनाकाराचं नाव मात्र पाठ करावं लागलं नाही, ते थेट आपल्या फोर्टातल्या पाटीवर शोभेल असं निघालं: कैखुश्रू शापूरजी सोराबजी. जन्म १८९२, इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात. वडील मुंबईचे पारशी सिव्हिल इंजिनियर, आई इंग्रज. जन्मनोंदीत नाव लिऑन डडली, पण गृहस्थाने ते टाकून पारशी नाव धारण केलं. एवढं वाचून झाल्यावर मी त्यांना ताबडतोब ताब्यात घेतलं. ‘आपला मुंबईचा माणूस, लंडनला गेला नि साऱ्या युरोपच्या नाकावर टिच्चून साडेचार तासांची रचना केली,’ असं मी सोसायटीच्या जिन्यात दोघातिघांना सांगितलंसुद्धा. पुढे वाचताना कळलं, की आपल्याला कुणी इंग्रज म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नसे, आणि जवळजवळ सगळं आयुष्य तर गेलं इंग्लंडातच. अशा माणसाला पुण्याच्या जिन्यातून कुणी ‘आपला’ म्हणतंय हे कळलं असतं, तर त्याने काय केलं असतं याचा अंदाज त्यांची समीक्षा वाचून येतो. ते ‘न्यू एज’ वगैरे साप्ताहिकांत संगीतावर लिहीत, आणि आवडलं नाही की सोलून काढत.

रचना पुरी झाली १९३० च्या जूनमध्ये. त्याच वर्षी १ डिसेंबरला ग्लासगोला सोराबजींनी ती स्वतः वाजवली, आणि पुढच्या वर्षी तिची २५२ पानी प्रत छापून निघाली. अर्पणपत्रिकेत त्यांनी आपल्या दोन मित्रांची नावं घातली, ह्यू मॅकडायर्मिड आणि सी. एम. ग्रीव्ह. हे दोन मित्र म्हणजे एकच स्कॉटिश कवी: एक टोपणनाव, एक खरं. इथपर्यंत मी फार खुशीत होतो. असा तिरकस माणूस पुण्यात नक्की रमला असता.

मग आली बंदीची गोष्ट. १९३६ मध्ये जॉन टोबिन नावाच्या वादकाने लंडनला या रचनेचा पहिला खंड वाजवला. तो इतका संथ, की जवळजवळ दुप्पट वेळ लागला. सोराबजी संतापले. माझ्या परवानगीशिवाय माझं काही वाजवू नका, असं त्यांनी जाहीर केलं. भलत्या वाजवण्यापेक्षा न वाजलेलं बरं, हा बाणा. वडिलांनी ठेवलेल्या पैशावर घर चालत होतं, त्यामुळे तिकिटं विकण्याची गरज नव्हती. डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसल गावात ते जाऊन राहिले आणि लिहीत सुटले, कुणी वाजवो न वाजवो. अशी चार दशकं गेली. १९७६ मध्ये यॉन्टी सॉलोमन या पियानोवादकाला त्यांनी होकार दिला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. मधल्या काळात त्यांच्या वादनाचा पुरावा म्हणाल तर फ्रँक हॉलिडे नावाच्या मित्राने साठच्या दशकात त्यांच्या घरी जाऊन, आर्जवं करून भरलेल्या टेप्स. म्हणजे जगातल्या सर्वांत लांब रचनांपैकी काही रचना ज्याने लिहिल्या, त्याचं संगीत वर्षानुवर्षं एका माणसाच्या टेपरेकॉर्डरच्या मेहेरबानीवर होतं.

ही बंदी वाजवणाऱ्यांवर होती. ऐकणाऱ्यांवर घालायची राहून गेली, म्हणून मी सुटलो.

ध्वनिमुद्रणं दोन नावाजलेली: जेफ्री डग्लस मॅज यांचं आणि जॉन ऑग्डन यांचं. ऑग्डन म्हणजे १९६२ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत अश्केनाझीबरोबर पहिलं बक्षीस वाटून घेणारा गडी. मी त्यांचा संच निवडला, कारण त्याला पाच सीडी होत्या आणि पाच सीडी कपाटात दिसतात चांगल्या. लंडनच्या भाच्याने तो पाठवला आणि सोबत लिहिलं, “मामा, हे खरंच ऐकणार आहेस का?” हल्लीच्या मुलांना वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत नाही.

एकट्याने ऐकून काही उपयोग नव्हता. साडेचार तास ऐकल्याचं दुसऱ्याला दिसायला हवं. म्हणून मी एका रविवारी श्रवणसत्र ठेवलं. वेळ दुपारी तीन. पत्रकच छापलं: एकूण बारा भाग, तीन खंड, दोन चहा, एकदा बटाटेवडे. आमंत्रण बऱ्याच जणांना होतं, पण ज्यांना पाश्चात्त्य संगीतातलं कळतं त्यांना नेमकं त्याच दिवशी गावाला जायचं होतं. आले ते असे: खालच्या मजल्यावरचे काका, जन्मभर तबला वाजवलेले. माझा मेहुणा, चार्टर्ड अकाउंटंट. आणि ताई, जिला मुलीच्या लग्नाच्या हॉलबद्दल बोलायचं होतं आणि आपण बोलू शकणार नाही आहोत हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली सीडी सुरू झाली. काका सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी उजवा हात मांडीच्या चार बोटं वर धरला. सम आली की तो खाली यायचा होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पहिला फ्यूग संपत आला. हात तिथेच. मधूनच तो जरा खाली यायचा, काकांच्या चेहऱ्यावर ‘ही घ्या’ असं उमटायचं आणि ऑग्डनसाहेब वरच्या पट्टीत भलतीकडे निघून जायचे. हात पुन्हा वर. मी हलक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, फ्यूग म्हणजे काय ते सांगू लागलो: आधी एक आवाज विषय मांडतो, मग दुसरा तोच उचलतो, मग तिसरा. “आणि पहिला मग गप्प बसतो का?” ताईने विचारलं. नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “मग आमच्या घरी रोज होतो.”

दुसऱ्या खंडात एका सुरावटीवर ४९ व्हेरिएशन्स आहेत. हे सांगितलं आणि काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे कायदा आणि पलटे! असं आधी सांगायचं नाही का?” ते सरसावून बसले. कायदा वाजला असावा, पण तो कोणता हे माझ्याप्रमाणेच त्यांनाही कळलं नाही, आणि पलटे सुरू झाले तेव्हा ते कशाचे पलटे आहेत असं विचारून त्यांनी मला अडचणीत टाकलं. मी डोळे मिटून मान डोलावली. रसिकतेचा हा मार्ग सवाईत फार उपयोगी पडतो.

मेहुण्याने मात्र ४९ हा आकडा ऐकताच खिशातून पेन काढलं. पत्रकाच्या पाठीमागे त्याने रेघा मारायला सुरुवात केली, चार उभ्या, पाचवी आडवी. वाजवणं बदललं असं वाटलं की एक रेघ. त्या भागाच्या शेवटी त्याने पेन ठेवलं आणि म्हणाला, “भावोजी, ४६ भरतायत.” मी म्हटलं, संगीत असं मोजायचं नसतं. तो म्हणाला, “मोजायचं नसतं तर त्यांनी आकडा का दिला?” याला अजून माझ्याकडे उत्तर नाही.

वडे झाले. वड्यांनंतर ताई गेली. मुद्दाम लिहून ठेवतो, की पुढचा प्रकार वड्यांनंतरचा आहे. तिसऱ्या खंडात एक पासाकाल्या आहे: तळाशी एकच सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते आणि तिच्यावर इमारतीचे मजले चढतात. व्हेरिएशन्स ८१. मी आरामखुर्चीत बसलो, ऑग्डनचे ते जड, सावकाश पायऱ्या उतरणारे स्वर आले आणि माझी मान रसिकतेने डोलू लागली. ती डोलता डोलता कधी थांबली ते मला ठाऊक नाही.

जाग आली ती शांततेने. खोलीत मिट्ट काळोख. वीज गेली होती. मेणबत्ती येईपर्यंत कुणी बोलेना, तेव्हा काकांनी स्वतःच टीपॉयवर तीनतालाचा ठेका धरला. एक छोटा कायदा, चार पलटे, तिहाई, आणि सम. धाडकन. सबंध दुपार तो हात हवेत होता, तो अखेर खाली आला. सौ. स्वयंपाकघरातून “वा!” म्हणाली. त्या दिवशीची ती एकमेव दाद.

वीज आली, आणि सीडी प्लेअर गेलेल्या जागेवरून सुरू होत नाही हे लक्षात आलं. “कुठे होतो आपण?” काकांनी विचारलं. प्रश्न यजमानाला होता. यजमानाने घसा खाकरला, पुस्तिका उघडली, चष्मा पुसला, पुन्हा पुस्तिका उघडली. मेणबत्ती विझवत सौ. म्हणाली, “ह्यांना विचारू नका, हे पाऊण तास इथे नव्हते.” म्हणजे आता बाहेरचा साक्षीदारही झाला.

“५२,” मेहुणा म्हणाला.

काळोख होईपर्यंत त्याने रेघा मारल्या होत्या. त्या हिशेबाने आम्ही बटण दाबून दाबून पुढे सरकत ५२ च्या आसपास पोचलो. आसपास म्हणजे त्याच्या मते ४०, माझ्या मते ७०. तो पहिल्यापासून लावा म्हणाला. काका म्हणाले, त्यांना रात्रीची गोळी घ्यायची असते. मग मी यजमानाच्या अधिकारात उरलेल्यातून वेचे ऐकवले: चार विषयांच्या शेवटच्या फ्यूगची सुरुवात, मधलं थोडं, आणि अखेरची कोडा-स्ट्रेटा. ही शेवटची मिनिटं मात्र पुरी ऐकली. दहा बोटांत एवढा आवाज मावतो यावर विश्वास बसत नाही. कपाटातल्या काचा थरथरल्या, आणि एवढ्या सगळ्या शिक्षेनंतर, लाज वाटते पण सांगतो, अंगावर काटा आला. काका जाताना म्हणाले, “माणूस तयारीचा आहे. पण त्याला घरी जायचं नाहीये.”

टोबिनने १९३६ मध्ये एक खंड दुप्पट वेळात वाजवला तर सोराबजींनी चाळीस वर्षं दार लावून घेतलं. मी त्यांच्या रचनेचा मधला तुकडाच गिळला. हे कॉर्फ कॅसलला कळण्याची भीती नाही, ते १९८८ मध्ये, ९६ वर्षांचे होऊन गेले.

त्या संचाकडे मग बरेच दिवस पाहवेना. पण एका रात्री, घरात सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून मी त्यांचं ‘गुलिस्तान’ ऐकलं. १९४० चं, सादीच्या ग्रंथावरून नाव घेतलेलं निशागीत, मायकेल हाबरमन यांनी वाजवलेलं. अर्ध्या तासाच्या वर. इथे कुणी कुणावर आदळत नाही. हळू, फार हळू, एक सुरावट हाताच्या मधल्या बोटांत कुठेतरी चालू असते आणि तिच्या वर नि खाली बारीक स्वरांचा सडा पडत राहतो. एखादा स्वर सोडून दिल्यावरही पियानोच्या पोटात रेंगाळतो, आणि तो विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन बसतो. सम नव्हती, मला हवीही नव्हती. शेवटपर्यंत मी टक्क जागा होतो. सकाळी हे सौ.ला सांगितलं तर ती म्हणाली, “असं का?” आणि पोळ्या लाटू लागली. साक्षीदार हवा तेव्हा नसतो.

मेहुण्याचं मात्र मिटलं नव्हतं. महिन्याभराने त्याचा फोन आला. त्याने स्वतः तपास केला होता. “भावोजी, तुमच्या सोराबजींचं ‘सेक्वेन्शिया सायक्लिका’ ऐकलंय का? जोनाथन पॉवेल म्हणून आहेत, त्यांनी वाजवलंय. सात सीडी. साडेआठ तास.” मी खुर्चीचा हात घट्ट धरला. “२७ व्हेरिएशन्स आहेत, त्यातलं २२ वं म्हणजे पासाकाल्या, आणि त्या एकात पुन्हा १००. मी संच मागवलाय. या वेळी कार्यक्रम माझ्याकडून, जागा फक्त तुमची. काकांशी बोललोय, ते गोळी बरोबर घेऊन येतायत.”

मी म्हटलं, आमच्याकडे विजेचा भरवसा नसतो.

“ती काळजी सोडा,” तो म्हणाला, “इन्व्हर्टर मी माझा घेऊन येतो.”